अठरा रविवार : धुळ्याचं जेल, साने गुरुजी आणि थेरपीला नियमित का जायचं

आजचा भाग थेरपीबद्दल आहे. पण आपला कार्यक्रम इतिहासाचा, त्यामुळे सुरुवात धुळ्याच्या जेलपासून करू. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

साल १९३२. सविनय कायदेभंगाची चळवळ चालू आहे आणि धुळ्याच्या जेलमध्ये बरेच सत्याग्रही आहेत. त्यांत विनोबा भावे आहेत, जमनालाल बजाज आहेत, आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले पांडुरंग सदाशिव साने आहेत. म्हणजे आपले साने गुरुजी. २१ फेब्रुवारीला विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. मग दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा अध्याय झाला. विनोबा बोलायचे आणि साने गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. त्या वह्यांमधूनच पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं.

हे वाचल्यावर माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला. दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून बघितलं, की या दोन तारखांच्या मध्ये, दोन्ही धरून, रविवार किती येतात. उत्तर आलं अठरा. अध्यायही अठरा. म्हणजे चार महिन्यांत एकही खाडा नाही.

तुम्ही म्हणाल, जेलमध्येच होते, जाणार कुठे? बरोबर आहे. पण वेळ एकदाच ठरली होती आणि नंतर ती दर वेळी मूड बघून ठरत नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. जेलमधली प्रवचनं म्हणजे मानसोपचार नव्हे. तिथे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. थेरपीत त्याच्या उलट असतं. तुम्ही बोलता आणि समोरचा शिकलेला माणूस ऐकतो, विचारतो, दाखवतो. पण दोन्हींचा सांगाडा सारखा आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच माणसं, आणि मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे.

आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय. थेरपीचा गुण एखाद्या जबरदस्त सेशनमध्ये फारसा नसतो. तो परत परत जाण्यात असतो. आणि हे मी मनाचं सांगत नाही, शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगतोय.

सोमवारची खपली

धुळ्याहून आता थोडं मागे आणि बरंच लांब जाऊ. व्हिएन्ना, १९१३. सिग्मंड फ्रॉईड यांनी मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरांसाठी एक निबंध लिहिला. उपचार सुरू कसे करावेत, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी वेळेचा नियम सांगितलाय. प्रत्येक रुग्णाला दिवसातला एक तास द्यायचा. तो तास त्याचा. तो आला नाही तरी त्या तासाची जबाबदारी त्याचीच, म्हणजे फी द्यावीच लागणार. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या सोडून रोज यायचं.

आज हे ऐकून वाटतं, काय कडक माणूस! पण त्यामागे अनुभव होता. फ्रॉईड लिहितात, की रविवारची एक सुट्टी पडली तरी सोमवारी काम पुन्हा जड जायचं. मध्ये जणू पापुद्रा धरायचा. ते आणि त्यांचे सहकारी गमतीने त्याला नावही द्यायचे. आपल्या भाषेत म्हणायचं तर ‘सोमवारची खपली’. थेरपीला जाणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. तीन आठवडे गॅप पडला, की पुढच्या सेशनचा निम्मा वेळ ‘मध्ये काय काय झालं’ यातच जातो. खपली काढण्यातच तास संपतो.

आपल्या देशातही हे लवकर पोचलं. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. फ्रॉईडशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. म्हणजे धुळ्यातल्या त्या अठरा रविवारांच्या दहा वर्षं आधी भारतात ‘ठरलेल्या वेळी येऊन बोला’ हा उपचार अस्तित्वात होता. फक्त तो कोलकात्यात होता. खान्देशातल्या माणसाच्या आवाक्यात तसं काही नव्हतं.

ज्याने सगळ्यांचं ऐकलं

परत अमळनेरला येऊ. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं तिथल्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. हाताने लिहिलेलं, आणि दैनिक म्हणजे खरंच दैनिक. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांसाठी कुणीतरी रोज काहीतरी लिहितंय, ही केवढी मोठी गोष्ट आहे! नंतर नाशिकच्या जेलमध्ये १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिलं. १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं.

आणि ११ जून १९५० ला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

आपण शाळेत ‘श्यामची आई’ वाचतो, पण हे वाक्य बहुतेक वेळा घाईघाईने उरकलं जातं. मला इथे सावध राहायचंय. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं निदान करण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. ‘थेरपी मिळाली असती तर ते वाचले असते’ असंही मी म्हणणार नाही. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसतं आणि एका उपायाने ती टळली असती असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण त्या काळाबद्दल बोलता येतं. १९५० मध्ये मानसशास्त्रीय उपचारांचं शिक्षण देणारी आपल्याकडची मोठी सरकारी संस्था जन्मालाच आली नव्हती. बेंगळुरूची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९५४ मध्ये सुरू झाली. तीच आजची निम्हान्स. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती १९५५ ची. एरन बेक यांनी विचारांवर काम करणारी पद्धत मांडली ती १९६० च्या दशकात. आज आपण ‘सीबीटी’ म्हणतो ती हीच. म्हणजे दर आठवड्याला जाऊन बसावं, रडलो तरी चालेल, देशासाठी काही करायचं नाही, कुणाला धीर द्यायचा नाही, फक्त स्वतःबद्दल बोलायचं, अशी खुर्ची त्या काळात इथे सहज मिळत नव्हती.

आणि ज्याच्या आधाराने दहा जण उभे असतात, त्याला ती खुर्ची सगळ्यात उशिरा मिळते. घरातला कमावता भाऊ, होस्टेलवरची सगळ्यांची ‘ताई’, टीममधला कधीच चिडत नसलेला सिनियर. तुमच्या ओळखीत असा माणूस असेलच. कदाचित तो तुम्हीच असाल.

१९८६ : एक पुण्यात, एक अमेरिकेत

नियमितपणाच्या या गोष्टीत १९८६ हे वर्ष फार इंटरेस्टिंग आहे.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत केली आणि त्यातून हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. पण मुक्तांगण माहीत असलेल्या कुणालाही विचारा, ते सांगतील की छत्तिसाव्या दिवशी खरी परीक्षा सुरू होते. म्हणून पाठपुरावा. बाहेर पडल्यावरही येत राहायचं, गटात बसायचं, बोलायचं. जो बरा आहे त्यानेही यायचं. ‘आता मी ठीक आहे, कशाला जाऊ’ हा विचार व्यसनाच्या बाबतीत किती धोक्याचा, हे ते लोक अनुभवाने सांगतात.

त्याच वर्षी अमेरिकेत केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. त्यांनी आधीच्या तीस वर्षांतल्या अभ्यासांमधला २,४०० हून जास्त रुग्णांचा डेटा एकत्र केला आणि एक साधा प्रश्न विचारला : किती सेशन्सनंतर किती लोकांना फरक पडतो? उत्तर असं आलं, की आठ सेशन्सपर्यंत साधारण ५० टक्के लोकांत मोजता येईल अशी सुधारणा दिसते आणि २६ सेशन्सपर्यंत साधारण ७५ टक्के लोकांत.

हे आकडे उलटे वाचून बघा. आठ सेशन्स झाल्यावरही निम्म्या लोकांत अजून ठळक फरक दिसलेला नसतो. आणि आपण काय करतो? दोनदा जातो आणि ग्रुपवर टाकतो, ‘गेलो होतो भो, काही उपयोग नाही.’ अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन औषध फालतू आहे म्हणण्यासारखं झालं हे.

गोव्यातले सहा ते आठ आठवडे

‘आपल्याकडे एवढे तज्ज्ञ कुठेत?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो खरा आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. त्यानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत.

यावरचं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात सापडलं. तिथे १९९६ मध्ये सुरू झालेली ‘संगत’ नावाची संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या टीमने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ लोक निवडले. निम्म्यांना केंद्रातले सुधारित नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याबरोबर समुपदेशन. आणि समुपदेशक कोण? मानसिक आरोग्याची कुठलीही पदवी नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं. ती दर आठवड्याला रुग्णाला भेटायची, केंद्रात किंवा थेट घरी. एकूण सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची.

भेटीत काय व्हायचं? दिवसभरात आपण काय करतो आणि त्यावेळी मन कसं असतं, हे बघायचं. मग पुढच्या आठवड्यासाठी छोट्या कृती ठरवायच्या. शेजारणीकडे जाऊन येणं, बंद पडलेलं भजनमंडळ पुन्हा धरणं, रोज थोडं चालणं, असल्या. पुढच्या भेटीत विचारायचं, जमलं का? नाही जमलं तर का नाही?

तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार होते, त्यांच्यात ३९ टक्के. वर्षभराने पुन्हा बघितलं तर फायदा बराचसा टिकून होता. हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

मला यातला धडा असा दिसतो. गोव्यात कुणी फ्रॉईड नव्हता. सोपी पद्धत होती, माणूस तोच होता आणि तो पुढच्या आठवड्यात नक्की येणार होता. नियमित म्हणजे जन्मभर, असंही नाही, हेही यात आलंच. सहा ते आठ आठवडे, पण सलग.

परत परत गेल्याने नेमकं होतं काय?

आता ‘कसं’ याकडे येऊ. मी जळगावचा, बी.टेक. करून आता पुण्यात कोड लिहितो, आणि दर बुधवारी रात्री आठला माझं ऑनलाइन सेशन असतं. त्यामुळे थोडं वाचून आणि थोडं करून सांगतो.

पहिलं, विश्वास. पहिल्या दोन-तीन भेटींत आपण सांगण्यासारखं तेवढंच सांगतो. जॉब, झोप, ब्रेकअप. लाज वाटणारी खरी गोष्ट नंतर कधीतरी निघते, तीही बहुतेक वेळा तास संपायला पाच मिनिटं असताना. जे लोक तिसऱ्या वेळी थांबतात, ते या दारापर्यंत पोचलेलेच नसतात.

दुसरं, पॅटर्न. सिस्टीममध्ये एक एरर आला तर काहीच कळत नाही. महिनाभराचे लॉग लागतात. मनाचंही तसंच. दर रविवारी संध्याकाळीच छातीत धडधड होते, किंवा घरून फोन आला की दोन दिवस झोप उडते, हे एका भेटीत दिसत नाही. दहा आठवडे कुणीतरी तुमच्याबरोबर बघत असेल तरच दिसतं.

तिसरं, सराव. एलिस आणि बेक या दोघांच्याही पद्धतीत गृहपाठ असतो. एलिस यांची पद्धत मराठी माणसांपर्यंत आणण्यात किशोर फडके यांचा वाटा फार मोठा. त्यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. त्यातलं मुख्य सूत्र असं, की घटना आणि आपली भावना यांच्या मध्ये आपला विचार असतो, आणि तो तपासता येतो, बदलता येतो. हे ऐकून समजायला पाच मिनिटं लागतात. बॉस चिडलेला असताना तसं वागायला महिने लागतात. सेशन दर आठवड्याला असलं की सराव अंगवळणी पडतो.

चौथं, बरे दिवस. ‘या आठवड्यात सगळं मस्त आहे, कॅन्सल करू का?’ असं वाटतं तेव्हा जरूर जा. माझे सगळ्यात उपयोगी तास असेच होते, ज्यात सांगायला काही नव्हतं. आग लागलेली नसते तेव्हाच वायरिंग तपासता येतं.

खान्देशात हे सगळं एका वाक्यात सांगता येतं. केळीला ठिबक का लावतात? एका दिवशी पाट भरून पाणी सोडलं आणि मग महिनाभर विसरलो, तर बाग जगत नाही. थोडं थोडं, पण मुळाशी, आणि ठरल्या वेळी.

मग जळगाव-धुळ्यात काय करायचं?

महाराष्ट्रातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशात एकही नाही. त्यामुळे ‘डोक्याचा दवाखाना’ म्हणजे लांबच्या गावी, कुणाला न सांगता, अगदी हाताबाहेर गेल्यावर जायची जागा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. मनावर कविता रचणारी बहिणाबाई आपल्याच असोद्याची, पण मनाच्या उपचारांबद्दल घरात बोलायची चोरी!

आता तशी स्थिती राहिलेली नाही. धुळ्याला १९८९ पासून आणि जळगावला २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. काहींना एक लागतं, काहींना दोन्ही. औषध चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही. खासगी थेरपी परवडत नसेल तर आधीच सांगा. बरेच थेरपिस्ट फी कमी करतात किंवा पंधरा दिवसांनी भेटायचं ठरवतात. पंधरा दिवसांनी पण नक्की, हे ‘जमेल तेव्हा’पेक्षा कितीतरी चांगलं.

आणि नियमित जायचं म्हणजे डोळे मिटून जायचं नव्हे. पहिल्याच भेटीत विचारा, साधारण किती सेशन्स लागतील, आपण नेमकं कशावर काम करतोय, प्रगती कशी मोजायची? सहा-आठ भेटींनंतर काहीच हलत नसेल तर तेही थेट थेरपिस्टला सांगा. एखादं वाक्य लागलं असेल तर तेही सांगा. चांगला थेरपिस्ट रागावत नाही, कारण ते बोलणं हाही उपचाराचाच भाग असतो. जमत नसेल तर थेरपिस्ट बदला, पण गायब होऊ नका. शेवट करायचा तर तोही भेटून करा.

तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. ‘टेली मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ताच सेव्ह करा. मित्राला एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत.

ज्यांचं पहिलं सेशन झालंय आणि दुसऱ्याला जावं की नाही असं चाललंय, त्यांना एकच सांगतो. आज मूड बघू नका. फोनचं कॅलेंडर उघडा, एक वार आणि एक वेळ निवडा, ‘दर आठवड्याला रिपीट’ करा आणि आठ आठवड्यांची तारीख टाका. त्यानंतर काय ते ठरवा.

भाग आवडला तर तो अशा एका माणसाला पाठवा, जो नेहमी दुसऱ्यांचं ऐकत असतो. भेटू पुढच्या आठवड्यात, याच वारी.